माशाची जखम आणि घरची शुश्रूषा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत आजवर बालसंगोपन, आहार, काटकसर, भाजण्या-कापण्यावरचे प्रथमोपचार अशा अनेक उपयुक्त विषयांवर जाणत्या मंडळींनी मार्गदर्शन केले आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला बोलण्याचा आग्रह केला तेव्हा मी म्हटले, "मी काय बोलणार? मी ना डॉक्टर, ना प्राध्यापिका." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरच्या माशाची तुम्ही जी शुश्रूषा केलीत, तिच्यावर बोला. निम्म्या इमारतीने ती येऊन पाहिली, उरलेल्या निम्म्या इमारतीला ऐकू द्या." तेव्हा आजचा विषयही प्रथमोपचाराचाच आहे. फरक एवढाच, की रोगी पाण्यात राहतो, कण्हत नाही, आणि त्याची नाडी काही आपल्या हाती लागत नाही.

हा विषय चैनीचा आहे असे कोणास वाटेल. परंतु आपल्या आसपास किती घरांत माशांच्या टाक्या आहेत ते पाहा. मुलांच्या हट्टाने टाकी येते. पुढे मुले शिकायला, नोकरीला परगावी जातात, आणि टाकी आईच्या गळ्यात पडते. आमच्याकडे असेच झाले. मुलाने हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तीन फूट लांब, सुमारे १९० लिटर पाण्याची. आणि नोकरीनिमित्त तो बंगळूरला गेला. जाताना म्हणाला, "आई, रोज फक्त बघत जा." या "फक्त बघण्यात" किती काय आले, ते मला पुढे कळले. आज मला तेच सांगायचे आहे.

प्रथम आमच्या टाकीतील कुटुंबाची ओळख करून देते. त्यात क्लाऊनफिशची एक जोडी आहे. केशरी अंग आणि त्यावर पांढरे पट्टे, असा हा मासा मुलांच्या चित्रपटामुळे आता सर्वांना ठाऊक झाला आहे. शिवाय एक तांबडी-पांढरी कोळंबी आणि काही गोगलगायी. क्लाऊनफिशच्या घरची रीत ऐकून आपणांस मौज वाटेल. हे मासे जन्मतः सगळे नर असतात. कळपात जो सर्वांत मोठा व वरचढ होतो तो मादी बनतो, आणि घर तिच्या हुकमाने चालते. मादी मेली तर तिचा नर काही काळाने स्वतःच मादी होतो. अंडी घालण्याचे काम मादीचे. पण ती राखणे, तोंडाने साफ करणे, पर हलवून त्यांना वारा घालणे, ही सारी कामे मुख्यतः बापाची. आमच्या मंडळींना हे सांगितल्यावर ते वर्तमानपत्र वर धरून गप्प बसले.

समुद्रात हे मासे ॲनिमोन नावाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या दंश करणाऱ्या प्राण्याच्या आसऱ्याने राहतात. तो घरात सांभाळणे अवघड. म्हणून आम्ही एक लहान मातीची कुंडी टाकीत आडवी ठेवली आहे, आणि या जोडीने तिलाच आपले घर मानले आहे.

आता जखमेकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेऊ, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात त्यांना पाणी सुटते. खाऱ्या पाण्यातील माशाची स्थिती त्या फोडीसारखी असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि माशाच्या रक्ताचा खारेपणा त्याच्या साधारण एकतृतीयांश. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. मासा पाण्यात राहूनही तहानलेला असतो! म्हणून तो समुद्राचे पाणी पितो, आणि जास्तीचे क्षार मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातील माशाचे याच्या अगदी उलट असते. त्याच्या अंगात पाणी शिरत राहते.

ही ओढाताण सहन करण्यासाठी माशाजवळ त्वचा, खवले आणि वरचा बुळबुळीत थर असतो. मासळी साफ करताना हाताला जो बुळबुळीतपणा लागतो, तोच तो. त्यानेच रोगजंतूंनाही अटकाव होतो. जखम झाली म्हणजे या तटबंदीला भगदाड पडते. तिथून पाणी जाते, जंतू येतात. आणि घाबरून आपण माशाला कोरड्या हाताने किंवा खरबरीत जाळीने पकडले, की उरलेला थरही आपणच खरवडून काढतो. म्हणजे एका जखमेच्या दोन होतात.

आता आमच्याकडे काय घडले ते सांगते. वैशाखाचे दिवस होते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा मोठ्या प्रेमाने एक निळाशार डॅमसेल मासा घेऊन आला. "मावशी, तुझ्या केशरी माशांना सोबत!" दिसायला तो बोटाच्या पेराएवढा, पण स्वभावाने जहांबाज. डॅमसेल आणि क्लाऊनफिश हे एकाच कुळातले. तेव्हा ही भाऊबंदकीच म्हणायची. नेमकी त्याच सुमारास आमच्या जोडीने कुंडीच्या आतल्या अंगाला केशरी अंड्यांची रांगोळी घातली होती. डॅमसेलला अंड्यांचा सुगावा लागला. नर कुंडीच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. पळाला असता तर वाचला असता, पण तो काही जागचा हलेना. चौथ्या दिवशी सकाळी पाहते तो त्याच्या शेपटीच्या पराचा तिसरा हिस्सा गेलेला, उरलेल्याच्या चिंध्या झालेल्या, आणि कुशीवरचे चार-दोन खवले निघून खाली फिकट गुलाबी चट्टा दिसत होता.

सूनबाई घाबरली. "आई, याला वेगळ्या टाकीत काढू या. औषध घालू या." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "चिमूटभर हळद टाका." भाचा दुकानात धावला, तो तिथल्या माणसाने दिलेली निळ्या औषधाची बाटली घेऊन आला. सगळ्यांच्या मनात दयाच होती. पण भगिनींनो, शुश्रूषेत दयेला थोडा वेळ थांबायला सांगावे लागते. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "आई, आधी नीट बघ, मग पाणी तपास, आणि तोवर टाकीत काही घालू नकोस." आम्ही तसेच केले. ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, पाहणे. टाकीसमोर स्टूल घेऊन दहा मिनिटे शांत बसावे. जखम कुठे आहे? पर फाटला आहे, की मुळापासून तुटला आहे? मूळ शाबूत असेल तर पर पुन्हा वाढतो. कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजावे. हा आकडा प्रत्येक माशाचा निराळा असतो, म्हणून मासा धडधाकट असतानाच तो मोजून टिपून ठेवावा. म्हणजे आजारपणात तुलना करता येते. मासा खातो का? सरळ पोहतो का? ढगाळलेला डोळा एकच असेल तर बहुधा कुठेतरी आपटल्यामुळे, आणि दोन्ही असतील तर पाण्यात दोष असण्याचा संभव अधिक. आमचा रोगी दमला होता, पण श्वास फारसा वाढलेला नव्हता. खाद्य टाकले तेव्हा कुंडी न सोडता त्याने जवळ आलेला तुकडा टिपला. मला धीर आला.

दुसरी गोष्ट, कारण दूर करणे. घरात दोन मुलांची मारामारी झाली तर मारणाऱ्याला बाजूला घ्यावे की मार खाल्लेल्याला घराबाहेर काढावे? टाकीतही तोच न्याय. जखमी माशाला पकडण्यापेक्षा भांडखोराला काढावे. प्लास्टिकची पारदर्शक बरणी टाकीत आडवी ठेवून आत कोळंबीचा तुकडा टाकला. खादाड असल्यामुळे डॅमसेलच पहिला आत शिरला. त्याला भोके असलेल्या डब्यात घालून तो डबा टाकीच्या कडेला टांगला, आणि दुसऱ्या दिवशी भाच्याने त्याला परत नेऊन दिले. प्रत्येक वेळी कारण भांडणच असते असे नाही. कधी दगडाची धारदार कड लागते, कधी पंपाच्या तोंडाशी मासा ओढला जातो, कधी तो टाकीबाहेर उडी मारतो. दगडाची कड घासावी, पंपाच्या तोंडाला स्पंज बसवावा, टाकीवर जाळीचे झाकण ठेवावे. कारण तसेच राहिले तर कोणतेही औषध उपयोगी नाही.

तिसरी गोष्ट पाणी. आणि सर्वांत मोठे औषध तेच. माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. टाकीतले उपयोगी जंतू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. जखमी मासा असताना अमोनिया आणि नायट्राइट शून्य पाहिजेत. तपासणीच्या बाटल्या बाजारात मिळतात. थेंब टाकून रंग पाहायचा, इतके ते सोपे आहे. आमचे दोन्ही शून्य निघाले. तरीही पाण्याचा आठवा हिस्सा बदलला, आणि पुढे दर चार दिवसांनी तसे करत राहिले.

नवे पाणी आयत्या वेळी कालवू नये. वीस लिटर शुद्ध पाण्याला साधारण ७०० ग्रॅम मत्स्यालयाचे सागरी मीठ लागते. ते घालून लहान पंपाने एक दिवस घुसळत ठेवावे, मग खारेपणा मोजावा. विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास असावे, आणि तापमान टाकीइतके. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे त्यात पुरेसे नसते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून गाळून शुद्ध केलेले पाणी घ्यावे. कोणी विचारतात, मुंबईत राहून मीठ विकत कशाला? चौपाटीवरून घागर भरून आणावी! परंतु किनाऱ्याच्या त्या पाण्यात शहराचे सांडपाणी आणि गाळ मिसळलेला असतो, शिवाय पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. ते घरच्या टाकीत नको.

उन्हाळ्यात पाणी आटते, तेव्हा भर कशाची घालावी? आमटी आटून खारट झाली तर आपण तीत आणखी मीठ घालतो का? साधे पाणी घालतो. टाकीतूनही पाणीच उडून जाते, मीठ मागे राहते; म्हणून आटलेल्या जागी साधे शुद्ध पाणीच घालावे, आणि तेही रोज थोडे थोडे. वैशाखात पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडला तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. आम्ही ते २६-२७ अंशांवर ठेवले. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

चौथी गोष्ट, आहार. जखम भरायला माशालाही अन्न लागते. ताजी कोळंबी सोलून, धुऊन, मोहरीच्या दाण्याएवढे तुकडे करून मी दिवसातून तीनदा थोडे थोडे दिले. गोठवलेले बारीक सागरी खाद्य मिळाले तर तेही उत्तम. सोडे किंवा खारवलेली मासळी देऊ नये. आणि उरलेला तुकडा लगेच काढून टाकावा. आजाऱ्याला आग्रह करण्याची आपली सवय इथे घातक ठरते, कारण न खाल्लेल्या तुकड्याचा पाण्यात अमोनियाच होतो.

पाचवी गोष्ट, शांतता. टाकीचा मोठा दिवा दोन-तीन दिवस कमी वेळ लावावा. काचेवर टिचक्या मारायला मुलांना मनाई करावी. आमच्याकडे तर रोगी पाहायला येणाऱ्यांची इतकी रीघ लागली, की टाकीपुढे जुने लुगडे टांगून दर्शनाची वेळ ठरवावी लागली.

आता औषधांविषयी. हळद आपल्या घरातली थोर वस्तू खरी. पण ती माणसाच्या कोरड्या कातडीवर लावायची. पाण्यात टाकलेली पूड जखमेवर बसत नाही. ती पाणी गढूळ करते आणि गाळणीत अडकून कुजते. निळे औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. त्याचा काही विशिष्ट ठिकाणी उपयोग आहे, परंतु मुख्य टाकीत ते ओतले तर अमोनिया पचवणारे उपयोगी जंतूच मरू शकतात. तांब्याची औषधे काही परजीवींवर चालतात. पण त्यांनी कोळंबी आणि गोगलगायी मरतात, आणि ते तांबे दगडांत मुरून राहते. माणसांच्या औषधांतल्या कॅप्सूल फोडून टाकणे तर सर्वस्वी वर्ज्य. प्रतिजैविके वाटेल तशी वापरली की जंतू त्यांना दाद देईनासे होतात, आणि त्याचे दुष्परिणाम शेवटी आपल्याच मुलाबाळांना भोगावे लागतात. अशी औषधे पशुवैद्याने सांगितली तरच, आणि त्याने सांगितलेल्या मात्रेतच द्यावीत.

याचा अर्थ कधीच काही करू नये असा नव्हे. जखमेवर कापसासारखा पुंजका दिसू लागला, पराच्या मुळाशी लाल रेषा आल्या, चट्टा रोज पसरू लागला, अंग सुजले, श्वास फार जलद झाला, किंवा माशाने दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर जखम साधी राहिलेली नाही असे समजावे, आणि माशाला इस्पितळाच्या टाकीत हलवून जाणकार पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. हे इस्पितळ फार खर्चाचे नसते. चाळीसएक लिटरची काचेची टाकी, तळाला वाळू नाही, दगड नाहीत. लपायला कडा घासलेला प्लास्टिकच्या नळाचा तुकडा, तापमापक, आणि हवेवर चालणारी स्पंजची गाळणी. हा स्पंज मात्र एरवी मोठ्या टाकीतच ठेवून द्यावा, म्हणजे त्यात उपयोगी जंतू वाढलेले राहतात. विरजण घरात असले तरच वेळेला दही लागते, तसेच हे. कोऱ्या गाळणीत हे जंतू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर रोगी कसा थांबणार? माशाला हलवताना जाळी न वापरता पाण्यासकट भांड्यात घ्यावे. लहान टाकीत पाणी लवकर बिघडते, म्हणून ते रोज तपासावे.

आमच्यापुढे खरा प्रश्न हाच उभा राहिला. सूनबाईचे म्हणणे, की इस्पितळाची टाकी तयार आहे तर त्याला हलवू या. तिचे चुकत होते असे नाही. पुष्कळ जाणकारही तसेच करतील. पण तो अंड्यांजवळ होता. त्याला काढायचे म्हणजे त्याचा पाठलाग करायचा, कुंडीपासून त्याला ओढून घ्यायचे. मी तिला म्हटले, "अगं, तो खातोय, श्वास ठीक आहे, जखमेला लाली नाही, मारणारा गेला. आता त्याला त्याच्या जागेवर राहू दे. यातले एक जरी बदलले, तर त्याच क्षणी हलवू." यावर आमचे एकमत झाले. दुधाचा हिशेब लिहितो त्या दिनदर्शिकेवर आम्ही रोज दोन खुणा करू लागलो: खाल्ले की नाही, आणि श्वास किती.

त्या अंड्यांतून पिल्ले जगणार नाहीत हे मला ठाऊक होते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना लागणारे सूक्ष्म जिवंत खाद्य साध्या टाकीत नसते. पण त्याला ते ठाऊक नव्हते. फाटक्या शेपटीने तो दिवसभर अंड्यांना वारा घालत होता. आमची ही मादी, एरवी मोठी करारी, ती कुंडीच्या तोंडाशी येऊन उभी राहू लागली. मी त्याला उगाच माणसाच्या भावना चिकटवीत नाही. त्यांच्या जातीची रीतच तशी आहे. तरी पाहताना मन भरून येई, हे मात्र खरे.

तिसऱ्या दिवशी पराच्या कडा पांढुरक्या झाल्या, आणि घरात पुन्हा औषधाची चर्चा निघाली. पण लाली नव्हती, कापूस नव्हता, आम्ही थांबलो. अंडी काळसर होऊन त्यांत चंदेरी डोळे चमकू लागले, आणि एका रात्री दिवे मालवल्यावर ती फुटली. सकाळी कुंडी रिकामी होती. त्या दिवशी तो प्रथमच कुंडी सोडून वर आला आणि पोटभर जेवला. आठवड्याभरात फाटलेल्या कडेला काचेसारखी पारदर्शक किनार फुटली. ही नव्या पराची खूण. तिला रोग समजून घाबरू नये. कुशीवरचा चट्टा आधी भरला. पाचव्या आठवड्यात शेपूट पूर्ण झाली. एका बाजूला लहानशी खाच राहिली आहे, तिच्यावरून आता तो दुरूनही ओळखता येतो.

या निमित्ताने आपल्या स्वतःच्या काळजीचेही सांगते. हाताला कापले-खरचटले असेल तर टाकीत हात घालताना रबरी हातमोजे घालावेत. माशांच्या टाकीतला एक जंतू माणसाच्या जखमेत शिरून चिवट गाठी उठवतो. अशी गाठ बरी होईना तर डॉक्टरांना टाकीविषयी आवर्जून सांगावे, नाहीतर त्यांच्या ध्यानात येणे कठीण. टाकीत हात घालण्यापूर्वी विजेची उपकरणे बंद करावीत. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढू नये.

मासा विकत घेतानाच विचार केला तर पुष्कळ दुखापती टळतात. शक्यतो माणसाने पैदास केलेलेच मासे घ्यावेत. टाकीत जन्मलेला मासा टाकीला आणि आपल्या खाद्याला सरावलेला असतो, समुद्रातून पकडताना व आणताना होणाऱ्या जखमा त्याला नसतात, आणि समुद्रातील प्रवाळखडकही ओकेबोके होत नाहीत. तमिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी क्लाऊनफिशची पैदास करून दाखवली आहे. लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर तर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने तेथील स्त्रियांना शोभेचे सागरी जीव वाढवण्याचे शिक्षण देऊन त्यांना मिळकतीचे साधन मिळवून दिले आहे. आपल्या मंडळाला हे ऐकून आनंद वाटावा. आणि खरे प्रवाळ किंवा समुद्री घोडे कोणी विकत देऊ लागला तर घेऊ नयेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे.

शेवटी, मला अनेकींनी हसत विचारलेला एक प्रश्न. "काय हो, शुक्रवारी बाजारातून पापलेट आणता आणि या बोटभर माशाच्या शेपटीसाठी घर डोक्यावर घेता?" प्रश्न रास्त आहे. आम्ही मासे खाणारी माणसे, आणि त्याबद्दल मला संकोच नाही. पण २००३ साली ब्रिटनमध्ये लीन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशावर प्रयोग करून दाखवून दिले, की इजा ओळखणारे मज्जातंतू माशालाही असतात, आणि इजा झाली की त्याचे वागणे बदलते. तेव्हा "माशाला काय कळते" असे आता सहज म्हणता येत नाही. शिवाय, समुद्रातला मासा आपल्या भरवशावर नसतो. टाकीतला असतो. जखमी झाला तर त्याला निघून दुसरीकडे जाता येत नाही. ज्या पाण्यात आपण ठेवू त्याच पाण्यात त्याला बरे व्हावे लागते. क्लाऊनफिश चांगला सांभाळला तर वीस वर्षांहूनही अधिक जगतो. म्हणजे मुलगा दहावीत असताना आणलेला मासा नातवंडाचे बारसेही पाहील! एवढ्या दीर्घ मुदतीची जबाबदारी घेताना, मुलांचा हट्ट पुरवण्यापूर्वी, आपण घरात बसून एकदा विचार करावा, एवढीच माझी विनंती.

ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी आजच एक स्पंजची गाळणी जास्तीची बसवून ठेवावी, आणि आपला मासा मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजून दिनदर्शिकेवर लिहावे. इमारतीत कोणाच्या माशाला दुखापत झालीच, तर पाणी तपासण्याच्या बाटल्या माझ्याकडे आहेत. दुपारी तीननंतर केव्हाही या.